कपाटावरचं नाव

"ताणून धर. ढिली नको सोडू," बाबा म्हणाले.

खडूची भुकटी लावलेल्या सुतळीचं एक टोक मी कपाटाच्या दारावर दाबून धरलं, दुसरं त्यांनी. मधोमध चिमटीत उचलून सोडली तशी हिरव्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटली. हे टोक धरायचं काम तीस वर्षं आईचं होतं. ती गेल्यानंतर आज तिच्याच पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही विहारात हे कपाट दान देत होतो आणि त्यावर तिचं नाव लिहायचं होतं.

बाबा रायपूरच्या रेल्वे कारखान्यात डब्यांवर आकडे रंगवायचे. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणी गेलं, की विहाराला दिलेल्या पंख्यावर, खुर्चीवर, कपाटावर 'कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ' हे अक्षर हरिदास मेश्रामांचंच, म्हणजे बाबांचंच. पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. चहा पिताना बशी वाजते.

"काका, स्टिकर लावून टाका न," विहार समितीचा प्रफुल्ल म्हणाला. "आजकल सब तेच करून राहिले."

"तिचं मी लिहीन."

तेलीबांध्याच्या दुकानातून कापून आणलेला स्टिकर माझ्या पर्समध्येच होता. त्यांना न सांगता आदल्या दिवशी आणला होता. मोठी शहाणी समजते मी स्वतःला!

स्टुलावर बसून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. 'कालकथित' बरं उतरलं. मग 'मायाबाई' आलं. बाबांनी तिला जन्मभर 'अवो' म्हणूनच हाक मारली. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. 'मा'चा काना थरथरत खाली घसरला, 'या' पांढरी रेघ सोडून वर चढला. सगळं लिहून व्हायला दोन तास लागले.

"कसं झालं?"

"छान झालं, बाबा."

पण हे म्हणायच्या आधी माझी नजर शेजारच्या जुन्या कपाटाकडे गेली होती. त्यावर त्यांचीच अक्षरं होती, ठसठशीत, एका ओळीत. माझी नजर त्यांनी पाहिली. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

"साऱ्या पाऱ्याचे नावं सरळ लिहिले मी," ते म्हणाले. "अन् तिचंच वाकडं. तो घासलेटचा बोळा दे मले."

"राहू द्या न, बाबा. काहून पुसता?"

"लोकं तिचं नाव असं वाचतीन काय? दे."

त्यांनी स्वतःच पुसलं, एकेक अक्षर, शेवटाकडून सुरुवातीकडे. मग हात फडक्याला पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्टिकर आनला असशीन न तू?"

मला रडू फुटलं. तशीच रडत मी मागचा कागद सोलला आणि स्टिकर चिकटवला. यंत्रानं कापलेली अक्षरं अगदी सरळ होती. 'मायाबाई'खाली तेवढी हवा राहून फुगा आला. बाबा उठले, तळहातानं तो हळूहळू कडेकडे दाबत नेला.

"चिकटलं, बाबा."

"हव," ते म्हणाले.

भंतेजी आले, बायका सतरंजीवर बसल्या, प्रफुल्लनं दोनदा हाक मारली. बाबा आईच्या नावावर हात दाबून तसेच उभे होते, आणि तो हात थरथरत नव्हता.