देवाचं पहिलं पाणी

पूर्णा स्टेशनामागच्या गल्लीत विष्णुपंत जोशींचा शब्द म्हणजे पंचांगच. पहाटे नळाला कुणाचा हात लागायच्या आत भरायचं ते पहिलं पाणी, तेच देवाचं, हा नियम त्यांनीच सगळ्या गल्लीला लावून दिलेला. पूजा आटोपली की तीर्थ आधी नातीला, मैत्रेयीला. पोरगी पिऊन "अजून" म्हणायची आणि आजोबा विरघळून अख्खा पेलाच तिच्या तोंडाला लावायचे.

पुढे मैत्रेयी पिवळी पडत चालली. पोट धरून रडायची, येत होते ते शब्दसुद्धा विसरायली. विष्णुपंतांनी दृष्ट काढली, ग्रह पाहिले. सून कावेरीनं मात्र लेकराला उचललं आणि थेट परभणीचा दवाखाना गाठला. रक्तात शिसं निघालं. "घरातले पाइप निझामाच्या काळातले आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं.

विष्णुपंत भडकले. "काहीतरीच! माझा जन्म गेला त्या पाण्यावर. मला काय धाड भरली?"

कावेरी वाद घालत बसली नाही. एक बाटली पहाटेच्या पाण्याची, दुसरी नळ बराच वेळ सोडून मग भरलेली, अशा दोन तपासायला पाठवल्या. दुसरीत शिसं थोडं होतं, पहाटेच्या पाण्यात मात्र कितीतरी जास्त. "रात्रभर पाणी पाइपात थांबतं मामंजी, तेव्हा शिसं त्यात उतरतं. उकळून जात नाही. आणि मोठ्यांपेक्षा लेकरांचं अंग ते जास्त ओढून घेतं."

विष्णुपंत देवपूजेतून उठले. पूजा अर्धी टाकून ते आजवर कधी उठले नव्हते. मोरीतल्या काळपट पाइपावर त्यांनी चाकू ओढला आणि अहाहा, आत चांदीसारखं लख्ख शिसं! नख रुतेल इतकं मऊ. मग पहाटेच्या पाण्याचा पेला त्यांनी उन्हात धरला. गढूळपणा नाही, वास नाही.

"केवढी अजब चीज ही, कावेरी! डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, आणि मी हिला तीर्थ म्हणून..." त्यांनी पेला मोरीत ओतून दिला. "आजच्या आज उखडून टाका हा पाइप. नवा बसेस्तोवर प्यायला जारचं पाणी आणा."

बोलता बोलता ते थबकले. गल्लीतल्या प्रत्येक घरात हाच पाइप होता. सोवळ्यातच, अनवाणी, ते समोरच्या घरात शिरले. तिथं राजेश्री नुकतीच बाळंत झालेली. अंगावर दूध नव्हतं, म्हणून बाळ डब्याच्या दुधावर. ती बाटली हलवत बसली होती.

"पोरी, दूध कोणत्या पाण्यात कालवलंस?"

"पहिल्याच की, काका," ती कौतुकानं हसली. "बारशाला तुमीच सांगितलं होतं ना. दुसरं पाणी मी बाळाला शिवूच देत न्हाई."