दोघींचा अर्धा-अर्धा पासवर्ड

माझं बटण दाबलंत, तर मी तुमचं स्वागत करत नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी चौकट काढतो आणि पासवर्ड मागतो. तो बरोबर आला, तरच पुढचं दार उघडतो. मी एक जुना लॅपटॉप. झाकणाचा एक कोपरा उडालाय, बॅटरी कधीच मेली आहे, वायर लावली की तेवढ्यापुरता जीव धरतो. मला तोंड असतं, तर एका दुपारी त्याचा फार उपयोग झाला असता. ते नव्हतं. तेव्हाचं मनात साठलेलं आज तुम्हाला सांगतोय.

माझा जन्म एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी स्क्रू पिळले, कुणी कळा बसवल्या, कुणी पुसून खोक्यात घातलं. त्यातलं एकही माणूस मला आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते शिवणकामाच्या दुकानात.

दुकान दोन बहिणींचं. वर घर, खाली दुकान. थोरली कापड बेतायची, धाकटी शिवायची आणि मापांचे आराखडे माझ्यात काढून ठेवायची. दाराजवळच्या स्टुलावर त्यांची आई काजं-बटणं करत बसायची. एकदा दुकानात चोरी झाली होती. तेव्हापासून आईने शटरला दोन कुलपं लावली होती आणि एकेकीला एकेक किल्ली दिली होती. "एकीने उघडायचं नाही. दोघी आलात तरच दुकान उघडेल," असा तिचा नियम. मला वाटतं, चोर हे निमित्त होतं. लेकी रात्री भांडल्या तरी सकाळी एकत्र खाली उतराव्यात, एवढंच तिला हवं होतं.

मी आल्यावर हाच नियम मलाही लागला. माझ्या पासवर्डचा पहिला अर्धा भाग थोरलीचा, दुसरा धाकटीचा. एकीने टाकताना दुसरीने भिंतीकडे तोंड करायचं.

"ए, बघू नकोस हं."

"बघते कशाला? तुझ्या डोक्यात ठेवलंय काय एवढं चोरण्यासारखं?"

"आहे त्यातलं थोडं तुलाच देणार होते. आता नाही देत."

आई सुईत दोरा ओवता ओवता हसायची. दर वर्षी शटरची कुलपं बदलली की दोघी आपापला अर्धा भागही बदलायच्या. आठवडाभर चुकायच्या, एकमेकींना चिडवायच्या, मग बोटांना सवय व्हायची.

त्यांच्याकडे सगळ्या प्रकारची माणसं यायची, पण माझ्या लक्षात राहिल्या त्या ग्रंथपालबाई. लहानपणापासून त्यांच्या पाठीत बाक होता, एक खांदा वर, एक खाली. तयार कपडा त्यांना कधीच बसायचा नाही. थोरलीने त्यांना कितीदा तरी उभं करून, टाचण्या लावून, उसवून, पुन्हा लावून त्यांच्या अंगाचा नेमका आराखडा तयार केला होता. धाकटीने तो माझ्यात उतरवला. पहिला कोट घातला तेव्हा बाई आरशासमोरून हलेनात. म्हणाल्या, "आज पहिल्यांदाच कपडा माझ्यावर रागावलेला नाही."

मग बहिणींचं बिनसलं. धाकटीला वाटायचं, एका कारखान्याचे ठोक कपडे शिवायला घ्यावेत. थोरलीला ते नको होतं. बोलता बोलता शब्द वाढले. "तुझ्या हाताखाली मी म्हातारी होईन, ताई," म्हणत धाकटीने आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि ती निघून गेली. दुसऱ्या गावात, कपड्यांच्याच एका कंपनीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. थोरलीला शटर उघडता यायला लागलं, पण मी काही उघडलो नाही. अर्ध्या पासवर्डावर मी कुणालाच आत घेत नाही. तिने मला पिशवीत घालून कापडाच्या गाठोड्यांखाली ठेवून दिलं.

त्या अंधारातून मला दुकानातले आवाज यायचे. आईचं विसरणं तिथूनच कळलं. आधी ती कात्री कुठे ठेवली ते विसरायची, मग गिऱ्हाइकांची नावं, मग जेवण झालं की नाही ते. शेवटी ती थोरलीला विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" थोरली दर वेळी सांगायची, "मी तुझीच गं, आई." आई गेली. त्यानंतर थोरली स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागली. गॅस बंद केला, दार लावलं, इस्त्री काढली. तिला आपल्या डोक्याची भीती वाटत होती, हे ती कुणालाच सांगत नव्हती.

आणि मग ग्रंथपालबाईंचा फोन आला. पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं. आता उभं राहता येत नव्हतं. नोकरीतून निवृत्त होत होत्या, वाचनालयात निरोपाचा कार्यक्रम होता. "चाकाच्या खुर्चीत का असेना," त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशी मला अंगावर नीट बसणारा कोट हवाय." नव्याने मापं घेणं शक्यच नव्हतं. आराखडा माझ्या पोटात होता. थोरलीने कितीतरी वर्षांनी बहिणीला फोन लावला. धाकटी रजा काढून आली.

ती दुपार मी विसरत नाही. मला पुसून टेबलावर ठेवलं, वायर लावली. मी जागा झालो, चौकट काढली. थोरलीने पदराने बोटं पुसली आणि आपला अर्धा भाग टाकला. तो अगदी बरोबर होता. मग धाकटीने सराईतपणे, खटाखट आपला टाकला. तो चुकला. तिने टाकला तो आदल्या वर्षीचा होता. भांडणाच्या थोडंच आधी बदललेला नवा भाग तिच्या आठवणीतून पार गळून गेला होता.

मी पासवर्ड चुकल्याचं सांगितलं. कुणाचा चुकला, हे सांगायची सोय माझ्यात कुणी केलेलीच नाही.

"ताई, नीट टाक."

"नीटच टाकला गं."

पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. मग मी रिवाजाप्रमाणे मोठा आवाज केला आणि बंद पडलो.

"ताई, तुला आठवत नाहीये. कबूल कर ना. माझा मला पक्का पाठ आहे."

"मलाही पाठ आहे."

"आईलाही सगळं पाठ असायचं."

धाकटीच्या तोंडून ते निसटलं. थोरली खुर्चीवर बसली आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिली. "असेल," ती हळूच म्हणाली. "माझंच चुकत असेल." मी तिथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं. आणि मी एक काळी काच होऊन पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने मला उघडलं, आतला छोटा सेल काढून पाहिला, पुन्हा लावला.

"याने जात नाही, मावशी. याचा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. पण घाबरू नका. कुलूप मशीनला आहे, फाइलींना नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडतो."

"म्हणजे पासवर्ड लागणारच नाही?" धाकटीने विचारलं.

"कशाला लागेल?"

थोरली मात्र त्याला आपला अर्धा भाग सांगत सुटली. "मला हाच आठवतो हो. तुम्हीच बघा, काही चुकतंय का." तो बिचारा काय बघणार? त्याने माझी डिस्क काढली, आराखडा मिळाला, दोघी घरी आल्या. रिकामा मी पिशवीत.

कोटाचं काम सुरू झालं. पण थोरली कापडाला कात्री लावेना. "तू बेत. माझ्या हातून वाया जाईल." आयुष्यभर कापड बेतलेली बाई बहिणीला विचारू लागली, "ही बाही डावीच ना गं?" धाकटी चिडायची. एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाली, "ताईचंही आईसारखंच सुरू झालंय." थोरली टेबलाच्या पलीकडेच होती. तिने ऐकलं.

कोट शिवून होत आला. कडा मारण्यासाठी धाकटी जुन्या ओव्हरलॉक मशीनला तेल घालायला बसली. फडक्याने धूळ पुसताना मशीनवरची पत्र्याची पट्टी उघडी पडली. तिच्यावरचा नंबर बघून तिचा हात थांबला. ते मशीन, ती भांडून गेली त्याच वर्षी आलं होतं. नवं मशीन आल्याच्या आनंदात तिने आपला नवा अर्धा भाग त्या पट्टीवरूनच घेतला होता.

ती उठली. मला पिशवीतून काढलं, वायर लावली. दुरुस्तीवाल्याकडे ऐकल्यामुळे थोरलीचा अर्धा भाग आता तिला ठाऊक होता. तो टाकला, पुढे पट्टीवरचा नंबर टाकला. मी उघडलो. आत डिस्क नव्हती, म्हणून पडद्यावर तेवढी एक ओळ दाखवली.

ती कितीतरी वेळ ती ओळ वाचत बसली. मग बटण दाबून तिने मला बंद केलं. कोट होतच आलाय, उद्या ही जाईल, मी भंगारात जाईन. न सांगणं किती सोपं होतं! आतापर्यंत मीही तेच करत आलो होतो.

तिने मला पुन्हा चालू केलं.

"ताई, जरा खाली ये."

"काय गं?"

"तुझा अर्धा टाक."

"नको बाई. पुन्हा चुकेन."

"टाक ना, ताई. मी भिंतीकडे बघते."

थोरलीने एकेक कळ भीत भीत दाबली. मग धाकटी वळली आणि तिने आपला भाग टाकला, या वेळी खटाखट नाही, सावकाश. मी उघडलो.

"चुकत मी होते," धाकटी म्हणाली. "पहिल्यापासून. तुझा बरोबर होता."

थोरली रागावेल असं मला वाटलं होतं. पुढे रागावलीही असेल, तो तिचा हक्कच आहे. पण त्या क्षणी तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी बरी आहे?"

धाकटीने होकाराची मान हलवली आणि ताईचा हात घट्ट धरला.

कोट वेळेवर ग्रंथपालबाईंकडे पोचला. आता मी खिडकीपाशी पडून आहे. भंगारवाला येईल तेव्हा जाईन, माझी तक्रार नाही. जाताना एकच मागणं. तुमच्या घरात कुणी "मला नीट आठवतंय" म्हणालं, तर लगेच त्याचं डोकं तपासायला जाऊ नका. आधी आपलं एकदा तपासा. कोण चुकलं, हे आम्ही यंत्रं सांगत नाही. ते तुम्हालाच एकमेकांना सांगावं लागतं.