ती ओळ रिकामी नव्हती

मित्रांनो, मी लग्नपत्रिका जुळवणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. देवणीत वर्षाराणीचं छपाईचं दुकान आहे, तिथल्या संगणकात राहतो. माझं चित्त एका जागी ठरत नाही, कारण दिवसातून चारदा रंग बदलावे लागतात. दार उघडं असलं की पडद्यावर ऊन येतं, मग पांढरी थीम. दार लोटलं की तोच पांढरा उजेड वर्षाराणीच्या डोळ्यांना खुपतो, मग काळी. पूर्वी "किती झटपट बदलतो!" म्हणून माझं कौतुक व्हायचं. पण मला अपडेट करायचं कोणाच्याच मनात आलं नाही, आणि आता नावांच्या खिडकीत माझी फजिती होते. थीम काळी केली की टाइप केलेली अक्षरं पांढरी होतात. मोबाइलवरून आणून चिकटवलेली मात्र काळीच राहतात. काळ्यावर काळं! दिसणार काय, कपाळ!

परवा पार्वतम्मा लेकीची पत्रिका बघायला आल्या. सोबत त्यांचे धाकटे भाऊ गुरुपादप्पा, म्हणजे नवरीचे मामा. त्यांचं नाव पार्वतम्मांनी आधीच व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं आणि वर्षाराणीने ते चिकटवलंही होतं. पण दार लोटलेलं, थीम काळी. "इथं उगंच एक ओळ सुटली," म्हणत तिने मामाच पुसून टाकला. मी आतल्या आत तडफडलो. पण ओरडणार कसा?

कच्ची प्रत निघाली. गुरुपादप्पांनी ती दोनदा वाचली आणि उठले.

"अक्का, माझं नाव न्हाई. मामा नको व्हता तर तसं सांगायचं. भाचीमागं उभं ऱ्हायला दुसरा बघ."

"आरं, म्या सोता पाठवलं व्हतं की!" पार्वतम्मांचे डोळे भरले.

वर्षाराणीने घाईघाईने पुसलेली ओळ परत आणली. तीही रिकामीच दिसली. "काकू, हितं तर कायीच न्हाई." माझा जीव कासावीस झाला. अगं, रंग बदल!

गुरुपादप्पांनी रागाने दार सताड उघडलं. ऊन थेट पडद्यावर आलं. काही दिसेना, म्हणून वर्षाराणीने सवयीने पांढरी थीम लावली.

पडद्यावर ओळ उमटली: "नवरीचे मामा : गुरुपादप्पा."

"मामा, थांबा! तुमचं नाव हितंच हाय!" वर्षाराणी ओरडली.

दारातला पाय थांबला. ते परत आले, पडद्यावर वाकून नाव वाचू लागले. मग स्टुलावर बसत म्हणाले, "जरा मोठ्या अक्षरात घाल."

तर मित्रांनो, माझा रंग बदललात की माझ्या सगळ्या खिडक्यांवर एकदा नजर फिरवा. मला हाक मारता येत नाही. वर्षाराणी आता रिकामी ओळ पुसण्याआधी उठून दार उघडते.