मोठ्या धारेच्या अलीकडे

२०१८ सालचा भादवा होता. अल्लीपूरच्या धुरपताबाईंना सत्तरावं लागलं होतं. उभा जन्म वांगी-टमाटे तोडून बाजारात धाडण्यात गेला. जिल्ह्याच्या उत्तरेला डोंगरातल्या जंगलात एकाच वाटेवर तीन धबधबे आहेत. त्यातला सगळ्यात वरचा, मोठी धार, त्यांच्या नवऱ्यानं, बंडूजींनी, तरुणपणी पाहिला होता आणि बायकोला दाखवतो, दाखवतो म्हणत पन्नास वर्षं काढली होती. आता तिचे गुडघे पुढचं साल चालू देतील असं वाटत नव्हतं.

नातू वैभव हिंगणघाटला नोकरीला. रविवारी हौशी लोकांना तिकडे फिरवून आणायचा. त्या रविवारी त्यानं आजी-आबाजींना आणि आई जयाला गाडीत घेतलं.

पायथ्याशी तो म्हणाला, "आजी, मी लोकायले घेऊन पुढं जातो. फाट्याफाट्यावर झुडपाले सुतळी बांधतो. तिच्या मागं येजा." जया गाडीतून डबे काढत होती, तिनं हे ऐकलंच नाही.

पहिल्या धारेपाशीच बंडूजी खडकावर टेकले.

"झालं व माहं. तू जाय. मी दम खाऊन सुतळी पाहत पाहत गाडीपाशी जातो."

"एकटे?"

"काऊन, वाघ नेते काय मले? माह्या हाडकात त्याले काय भेटीन?"

मागून जया आली, तिलाही त्यांनी सासूच्या सोबतीला वर पिटाळलं.

दुसरी धार मागे पडली. धुरपताबाई पाय नुसते ओढत होत्या. तेवढ्यात वरून पाण्याचा घोर आवाज आला, तोंडावर गार तुषार उडाले. वळणावर वैभव उभा होता.

"पाचच मिनिटं, आजी!" मग त्याचं लक्ष आईच्या कमरेला खोचलेल्या पदराच्या फुगलेल्या ओट्याकडे गेलं. "हे काय व, आई?"

"सुतळी. कोणी बांधून सोडून देल्ली होती. सोडत आली मी. आपण टमाट्याची सुतळी टाकतो काय कधी?"

हंगाम सरला की काठ्यांची सुतळी सोडून पुढच्या सालासाठी ठेवायची. पंचवीस वर्षांची सवय, हात आपोआप चालले होते.

वैभव हसला. धुरपताबाई हसल्या नाहीत. "तुहे आबाजी सुतळी पाहत खाली जाऊन राह्यले."

"मी जातो खाली, तू पाहून घे."

"तुहे लोक पाण्याच्या काठाशी उभे हायेत. त्यायले सोडशीन?"

"मी जातो, आई," जया म्हणाली.

"तू सासऱ्याले हाका मारशीन काय? आजवर समोर मोठ्यानं बोलली नाईस."

त्यांनी वळणाकडे एकदा पाहिलं आणि माघारी फिरल्या. जया मागोमाग आली. उतार चढापेक्षा वाईट होता. अर्ध्या तासानं, भलत्याच फाट्यावरून, हाकेला ओ आली. बंडूजी तुटकी चप्पल हातात घेऊन सागाखाली बसले होते.

"पाह्यली काय?"

"पाह्यली."

"कशी हाये?"

"पाणीच हाये. उठा आता."

बंडूजी त्यानंतर दोन-अडीच वर्षं जगले आणि बायकोला मोठी धार दाखवली म्हणून गावभर सांगत राहिले. वैभव पुढे नोकरीसाठी नागपूरला गेला. आता त्याला रविवार मिळत नाही. जया बचत गटाच्या बायकांसोबत दोनदा धारेपर्यंत जाऊन आली, पण घरात त्यावर बोलली नाही. धुरपताबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढ वर्ज्य केलाय. बाजारापर्यंत चालतात, वाटेत दोनदा बसतात.