एक जागा बाकी

बेनिताने पट्टीचं एक टोक दातांत धरलं आणि दुसऱ्याच क्षणी सोडून दिलं. इस्पितळात कुठलीही वस्तू दातांत धरायची नसते, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण बावीस वर्षं मिनीबसच्या दारात लटकून काढलेली. एक हात वरच्या दांडीला, दुसरा कुणाचं तरी गाठोडं आत घ्यायला, आणि उरलेलं सगळं दातांत. ती सवय मोडता मोडत नव्हती. तिने पट्टी टाकून दिली, पुन्हा हात धुतले आणि नवी पट्टी कापून घेतली.

सहा नंबरच्या खाटेवर सातुर्निना आजी पाय खाली सोडायच्या बेतात होती. खुब्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. सकाळपासून दोनदा तिने सलाईनची सुई उपसून काढली होती, आणि दोन्ही वेळा बेनिताने चादर बदलली होती.

"सोड ग पोरी," आजी म्हणाली. "माझी गाडी जाईल. मेंढरं कोण सोडणार?"

"आजी, आज नाही जायचं घरी. पाय बरा व्हायचाय."

"पायाला काय धाड भरलीय? गाडीत बसूनच तर जायचंय."

शिकाऊ नर्सांचं प्रात्यक्षिक घेणाऱ्या लुर्देस मॅडम खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. वय एकतीस, टोपीबाहेर एक केस नाही. शिकाऊ मुली त्यांच्या चपलांच्या आवाजावरून सावध होत. बेनिता त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी होती, तरी तीही पाठ ताठ करायची.

"बेनिता, हात बांधा. पट्टी मऊ असते, दुखत नाही. त्या उठल्या आणि पडल्या, तर दुसराही खुबा जाईल."

"हो मॅडम."

"आणि आवाज नको. तुमच्या कागदावर दोन शेरे आहेत. तिसरा पडला तर हे प्रात्यक्षिक पुढच्या वर्षी पुन्हा. माझ्या हातात काही राहत नाही मग."

त्या शेजारच्या वॉर्डात गेल्या. दार हळूच मिटलं.

दोन्ही शेरे आवाजाचेच होते. पहिला पहिल्याच दिवशीचा. मोठे डॉक्टर फेरीवर आले, त्यांच्यामागे दहाबारा विद्यार्थी दारातच तुंबले, आणि बेनिताच्या तोंडून आपसूक निघालं, "आत सरका, आत सरका, मागं जागा आहे!" सगळे निमूट आत सरकले, डॉक्टरसुद्धा. नंतर मात्र वॉर्डभर हशा पिकला. दुसरा शेरा जेवणाच्या वेळचा. सुपाची गाडी ढकलत ती "चुन्यो आहे, गरम चुन्यो!" असं म्हणत निघाली होती, आणि वाळवलेल्या बटाट्याचं ते सूप तीन मजल्यांवर ऐकू गेलं असं म्हणतात. वर्गातल्या विशीतल्या मुली तिला मावशी म्हणत आणि तिची नक्कल करत. त्यात वाकडेपणा नव्हता, पण घरी जाताना बेनिताला ती नक्कल आठवायची.

ज्या आवाजावर तिचं पोट चाललं, त्यानेच खरं तर तिला इथवर आणलं होतं. थंडीवाऱ्यात गाडीसाठी गिऱ्हाइकं पुकारून पुकारून घशात गाठी झाल्या. डॉक्टर म्हणाला, हे थांबव, नाहीतर आवाज कायमचा जाईल. दुसऱ्या कुणी मिठाईचं दुकान टाकलं असतं. बेनिता त्या दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट पाहत बसली होती तेव्हा तिने एक नर्स पाहिली. ती कुणालाही हाक मारत नव्हती, तरी लोक तिच्याकडे वळत होते. असं काम आपल्याला जमलं तर, असा विचार बेनिताच्या मनात आला आणि तिथून हलेना. संध्याकाळच्या शाळेत तिने राहिलेल्या इयत्ता पुऱ्या केल्या आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी नर्सिंगच्या वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसली.

तिचा नवरा रुफीनो अजून तीच मिनीबस चालवत होता. बेनिताचा आवाज त्याने फोनमध्ये भरून घेतला होता आणि टपावर कर्णा लावून दिवसभर वाजवायचा.

"तू शीक खुशाल," तो म्हणायचा. "माझी बायको गाडीवरच आहे. हीच बरी, उलट उत्तर तरी देत नाही."

बेनिता हसायची. पण पुढचं वर्ष पुन्हा काढायचं झालं, तर ती परत येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. एकदा धीर गोळा केला होता. दुसऱ्यांदा कुठून आणायचा?

तिने आजीचं मनगट हातात घेतलं. ते इतकं बारीक होतं की पट्टीचे दोन वेढेही जास्त झाले असते. आजीने विरोध केला नाही. पट्टीकडे पाहिलं, मग बेनिताकडे पाहिलं, आणि दुसऱ्या हाताने उशाचं रंगीत गाठोडं जवळ ओढलं.

"मला का बांधतेस?" तिने विचारलं. "मी काय चोरलं?"

बेनिताला पुढची गाठ मारवेना. आपल्या गळ्याने तिने आयुष्यभर माणसांना या, चढा, बसा एवढंच सांगितलं होतं. बांधून कुणालाच बसवलं नव्हतं. आणि तरी माणसं बसत. तास तास बसत. भरल्याशिवाय गाडी निघत नाही हे लहानपणापासून ठाऊक असलेली माणसं, मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर कोंबडी, आणि जागेवरून उठायचं नाव नाही. उठलं की जागा गेली.

तिने पट्टी सोडवली. दाराकडे एकदा पाहिलं.

"कुठं जायचंय आजी?"

"बातायास."

"मग बरोबर गाडीत बसलाय. हीच बातायासची."

आजीने वॉर्डभर नजर फिरवली. आठ खाटा, एका रांगेत चार, दुसऱ्या रांगेत चार, मधे जायला वाट.

"निघत का नाही मग?"

"भरली नाही अजून. दोन जागा बाकी आहेत."

"दोन?"

"दोनच. बसून घ्या, नाहीतर खिडकीची जागा जाईल."

आजीने पाय वर घेतले. स्वतःचे स्वतः, आधी बरा, मग दुखरा, कण्हत का होईना. गाठोडं पोटाशी धरलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. बेनिताने सुई पुन्हा लावली. आजीने हात हलवलासुद्धा नाही. सलाईन एकेक थेंब गळू लागलं.

पण वाट पाहणाऱ्या माणसाला नुसतं बसवून भागत नाही. पुकारणारी गप्प झाली की त्याला वाटतं, गाडी रद्द झाली. पाचेक मिनिटांत आजी पुन्हा चुळबुळू लागली. बेनिता दारापाशी जाऊन उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात, ओठांतल्या ओठांत म्हणाली,

"बातायास, बातायास, रिओ सेको, बातायास. दोन जागा, दोन जागा. आत्ता निघते."

आत्ता निघते हे तिचं बावीस वर्षांचं खोटं होतं. बोलणारीला ते ठाऊक होतं, ऐकणाऱ्यांनाही ठाऊक होतं, आणि कुणी कधी रागावलं नव्हतं.

दोन नंबरच्या खाटेवर दोरोतेआ होती. बाजारात बटाटे विकणारी, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. तिने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"ड्रायव्हर उस्तादला सांगा, एक जागा मी घेतली," ती म्हणाली. "पाय लांब करून बसणार मात्र. कुणी ढकलायचं नाही."

"या, या. एक झाली. एक जागा बाकी!"

"आणि गाणी लावू नका म्हणावं. मागच्या खेपेला डोकं उठलं माझं."

पलीकडची कुणीतरी खुसखुसली. आजीही हसली. दात नव्हते, पण हसू तोंडभर होतं. चार दिवसांत बेनिताने ते पहिल्यांदा पाहिलं. तिला इतका आनंद झाला की ती स्वतःला विसरली. तिने दाराच्या चौकटीला हात घातला, अंग बाहेर झोकलं आणि पुकारलं, ओरडून नव्हे, पण गळा मोकळा सोडून,

"बातायास, बातायास! एक जागा! चला, आत्ता निघते!"

बाहेर, तीन पावलांवर लुर्देस मॅडम उभ्या होत्या. एका हातात प्रात्यक्षिकाचे कागद, दुसऱ्यात पेन.

दोरोतेआने पांघरूण नाकापर्यंत ओढलं. बेनिताने चौकटीवरचा हात काढला. संपलं, एवढंच तिच्या मनात आलं. रुफीनोला काय सांगायचं, हेही आलं.

मॅडम आत आल्या. टेबलावर न वापरलेली पट्टी गुंडाळून ठेवलेली होती, ती पाहिली. मग सलाईन पाहिलं, आजीच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. कागद वर घेतला.

"ए बाई," आजी त्यांना म्हणाली. "उभी काय राहिलीस? चढ ना! एकच जागा राहिलीय. तू बसलीस की निघतो आम्ही."

मॅडमचा हात थांबला.

त्या बसल्या तर गाडी भरणार, आणि भरली की निघायला हवी. निघाली नाही, तर आजी उठणार. बेनिताने, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि मान किंचित हलवली. नको.

लुर्देस मॅडमनी आजीच्या पोटाशी धरलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. रिओ सेकोच्या नाक्यावर, पहाटे, लोकरी शाल गुंडाळून उभ्या असलेल्या कुठल्याही मुलीचा होता.

"नको आजी, तुम्ही बसा. माझी आई मागनं येतेय, तिला चालवत नाही. तिला घेऊन मी पुढच्या गाडीनं येते."

"आईला घेऊनच ये हो," आजी म्हणाली. "म्हातारं माणूस मागं राहायला नको." आणि जरा थांबून, "मग दारातून बाजूला हो. गिऱ्हाईक यायचंय."

मॅडम बाजूला झाल्या. पांघरुणाखाली दोरोतेआचं प्लास्टर हसण्याने हलत होतं.

त्यानंतर दोन वाजेपर्यंत मॅडम बेनिताशी एक शब्द बोलल्या नाहीत. बेनिताने ताप मोजले, भांडी उचलली, दर पाचदहा मिनिटांनी दारापाशी जाऊन हळू पुकारलं, आणि प्रत्येक वेळी पाठीवर मॅडमची नजर आहे असं तिला वाटत राहिलं. कागद त्यांच्या टेबलावर उताणा पडला होता. तिसऱ्या ओळीवर काही लिहिलंय का, हे तिला जाता येता दिसत नव्हतं आणि वाकून बघायचा धीर होत नव्हता.

दोन वाजता दुपारच्या पाळीची निएवेस सिस्टर आली. मॅडमनी वॉर्डाची वही तिच्यापुढे सरकवली. निएवेसने वाचता वाचता भुवया चढवल्या आणि मोठ्याने वाचलं,

"खाट सहा. हात बांधू नयेत. बातायासच्या गाडीत एक जागा बाकी आहे. ती भरू नये." तिने वर पाहिलं. "ही काय भानगड?"

"कळेल. बेनिता, इकडे या."

बेनिता गेली. टेबलावरचा कागद आता तिच्या अगदी समोर होता. तिसरी ओळ कोरी होती.

"सिस्टरना पुकारून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत या दोन पाळ्यांना तुमच्याशिवाय भागवायचंय."

"इथं, मॅडम?"

"दारात. जसं पुकारतात तसं. मघाशी मी स्टोअरमध्ये करून पाहिलं, मला नाही जमलं."

बेनिताचे डोळे भरून आले. ते पुसायला वेळ नव्हता. ती दारात जाऊन उभी राहिली. सवयीने हात वर गेला, दांडी नव्हती, म्हणून चौकट धरली.

"नाव दोनदा घ्यायचं, सिस्टर," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा शेवट जरा ओढायचा. ओरडायचं नाही. जवळच्या माणसाला सांगतोय असं." मग तिने घसा साफ केला. "बातायास, बातायाऽस. एक जागा."

आतून, सहा नंबरवरून, झोपेने जड झालेला आवाज आला.

"अजून एकच बाकी?"

"एकच, आजी," बेनिता म्हणाली. "बसून राहा. आत्ता निघते."