दिनकर साठेंचा चिनी तास

जर्मनीत, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या एका कंपनीत दिनकर साठे सॉफ्टवेअरचं काम करायचा. संगीताशी त्याचा संबंध म्हणाल, तर लहानपणी पुण्यात त्याला पेटीच्या क्लासला घातलं होतं आणि थोड्याच दिवसांत सरांनीच "याला क्रिकेटला घाला" असं आईला सुचवलं होतं. तेव्हा चिनी संगीताची ओळख करून द्यायला त्याची मुलगी उर्जा हिच्या शाळेनं नेमकं त्यालाच बोलवावं, यात नवल ते काय!

झालं असं की, तिसरीच्या वर्गात आशिया सप्ताह चालू होता. म्युनिकहून चिनी वादक यायचे होते. त्यांची वाद्यं आदल्या दिवशीच शाळेत पोचली. वादक मात्र फ्लूनं आडवे झाले. वर्गशिक्षिका फ्राऊ हुबर यांनी दिनकरला फोन लावला.

"हेर साठे, तुम्ही आशियातले ना?"

"हो, पण मी भारतातला. पुण्याचा."

"गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे शेजारचेच!"

मध्ये हिमालय नावाची एक किरकोळ अडचण आहे, हे दिनकरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंना नाही म्हणायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की चाळिशीतही तोंडून "येतो की" असंच निघालं.

"अरे, तुला आरतीला टाळसुद्धा ताला‍त वाजवता येत नाही," त्याची बायको नंदिनी म्हणाली.

"फक्त ओळख करून द्यायचीय. वाजवायचं नाहीये."

अज्ञानावर आयटीतला माणूस जो उपाय करतो, तोच त्यानं केला. प्रेझेंटेशन बनवलं. उर्जा ते बघून एवढंच म्हणाली, "पापा, बिटे निश्त." प्लीज नको. आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात स्लाइडमागून स्लाइड सरकत होती. दिनकर घराणी, राजवटी, शतकं सांगत होता आणि मुलं जांभया देत होती. प्रत्येक स्लाइडला सगळा वर्ग मेइलिनकडे वळून बघायचा, कारण वर्गात चिनी ती एकटीच. मेइलिन हँडबॉल खेळायची. या वाद्यांबद्दल तिलाही बाकीच्यांइतकीच माहिती होती, म्हणजे शून्य.

"आता काहीतरी वाजवून दाखवा ना," फ्राऊ हुबर म्हणाल्या.

 दिनकरनं त्यातल्या त्यात सोपं दिसणारं वाद्य उचललं. एर्हू. लांब दांडा, खाली सापाच्या कातड्यानं मढवलेली छोटी डबी आणि फक्त दोन तारा. दोनच तारा म्हणजे चुकायला वाव कमी, असा त्याचा हिशेब. पण वाजवायचा गज त्या तारांच्या मधेच अडकलेला! 'सामान भरताना अडकला असणार,' असं ठरवून तो गज ओढून काढू लागला.

"आख्टुंग! सांभाळा!" मेइलिन ओरडली. "तो तसाच असतो! गजाचे केस दोन तारांच्या मधूनच जातात. तुमच्याच चित्रात दिसतंय!"

वर्ग वळला. पडद्यावर खरोखरच ते चित्र होतं. त्यानंच लावलेलं.

मग त्यानं गज ओढला. दारात शेपूट सापडलेल्या मांजरासारखा आवाज आला. फ्राऊ हुबरनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "किती खोल आहे हे!" मुलं मात्र प्रामाणिक होती. ती खो खो हसली आणि त्याहून भयानक आवाज कोण काढतो ते बघायला रांगेत उभी राहिली. जांभया थांबल्या.

तेवढ्यात मेइलिनला न्यायला तिची आई आली. दिनकरला कुठे तोंड लपवू असं झालं. "माफ करा, फ्राऊ चेन. खरं तर हे तुम्ही—"

"फ्राऊ हुबरनी आधी मलाच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मला यातलं येत नाही, मी चेलो वाजवते. त्यांना फार वाईट वाटलं. माझ्यासाठी."

त्यांनी एर्हू मांडीवर घेतला. आधी तोही किंचाळला. मग चेलोवर घोटलेल्या बोटांनी चाचपडत, चुकत, त्यांनी पाच सुरांची एक साधी चाल शोधून काढली.  उर्जा पुढे सरकली आणि तिनं हळूच डबीवर हात ठेवला. आत काहीतरी थरथरत होतं.

घरी येताना ती म्हणाली, "पापा, मला हेच शिकायचंय."

दिनकरनं शोधाशोध केली. म्युनिकमध्ये गुरुजी सापडले: हेर ओबरमायर, गलेलठ्ठ, दाढीवाले अस्सल बव्हेरियन, बीजिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवलेले.

"शाळेनं तुम्हाला नाही विचारलं?" दिनकरनं न राहवून विचारलं.

"विचारलं होतं की. पण मुलांना मी पटणार नाही, असं फ्राऊ हुबरच म्हणाल्या. मी तसा दिसत नाही ना."

त्यानंतर दर शनिवारी उर्जा क्लासला जाऊ लागली. घरी ती रियाजाला बसली की नंदिनीला नेमकी बाजारहाट आठवायची. दिनकर मात्र सोफ्यावर बसून राहायचा, दात घट्ट आवळून.

बर्फ वितळायच्या सुमारास एका शनिवारी उर्जानं क्लासमध्ये एक अख्खी चाल न अडखळता वाजवली. हेर ओबरमायर दाढी खाजवत म्हणाले, "पास्ट." ठीक आहे. बव्हेरियात याहून मोठी दाद मिळत नाही. दाराबाहेर बसलेल्या दिनकरला मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि मोठमोठ्यानं टाळ्या वाजवू लागला. हेर ओबरमायरनी दार लोटून घेतलं. आतून उर्जानं तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरली.