चाकामागचा दगड

नवेगाव बांधच्या काठावर चैतरामच्या जुन्या पिकअपइतकं हट्टी दुसरं काही नाही. आहे, माझी बायको, असं चैतराम म्हणायचा. पण सुमित्राबाई आसपास नसताना.

रोज सकाळी तो मागची चाकं तलावाच्या पाण्यात जाईपर्यंत गाडी मागे घ्यायचा. डोंग्यातून मासोळ्यांचे क्रेट थेट गाडीत चढायचे, डोक्यावर वाहायला नको. काठावर सगळेच असं करतात. फक्त मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी आणि गाळ शिरायचा, आणि पुढे बराच वेळ ब्रेक नुसते नावाला उरायचे. एकदा रेल्वे फाटकापाशी गाडी थांबता थांबेना. फाटकाच्या दांड्याला नाक घासून थांबली, तेव्हा समोरून मालगाडी धडधडत चालली होती.

"काई झालं का? नाई ना!" असं म्हणून चैतराम हसला होता.

शेजारी बसलेली सुमित्राबाई तिथेच उतरली. तेव्हापासून ती काठावर मासोळ्या निवडून द्यायची आणि बाजाराला एसटीने जायची. बाजारातला विक्रीचा ओटा एकच, नवरा-बायको मात्र दोन गाड्यांनी येणार. लोकांना भारी मजा वाटायची. चैतरामला शेजारची रिकामी सीट बघवत नसे.

शेवटी त्याने गोंदियाच्या गजेंद्र मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीने भंगारातून डिस्क ब्रेक आणले, ते धरायला लोखंडी पट्ट्या करून घेतल्या आणि ड्रम काढून मागच्या चाकांना बसवले. "डिस्क उघडी राहते, पानी झटकून टाकते," तो म्हणाला. "पन हँडब्रेक जुन्या ड्रममंदीच होता, तो गेला. नवा सामान येतपर्यंत उतारावर गाडी गेअरमंदी टाकून उभी करजो. ध्यानात राहील ना?"

"राहील ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी माल भरून गाडी पाण्यातून चढावर आली. चैतरामने मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. ओल्या चाकांनिशी गाडी जागच्या जागी उभी.

"पाह्यलं?" तो ओरडला.

सुमित्राबाई पाटी घेऊन जवळ आली. चैतराम असा हरखला की सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि तिच्यासाठी दार उघडायला खाली उडी मारली. दांडा लुळा वर आला होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

गाडी मालासकट मागे सरकू लागली. चैतराम दाराला लोंबकळला. सुमित्राबाईने पाटी टाकली, पायाजवळचा दगड उचलला आणि बाजूने चाकामागे सारला. हिसका देऊन गाडी थांबली.

चैतरामने दार सोडलं. "मले लय भेव लागला वं," तो म्हणाला. "आता तं तू बसनारच नाई."

सुमित्राबाईने सांडलेली पाटी भरली आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

तो बघतच राहिला. "आता काऊन बसली?"

"फाटकावर तुमी हासून राहिले होते," ती म्हणाली. "भेव नसलेल्या मानसाच्या बाजूले मी कायले बसू? आज बसतो. चाला."

 तो आत बसला, गेअर टाकला.

"थांबा. तो दगड घ्या पयले," ती म्हणाली, आणि दगड ठेवायला पाय बाजूला घेतले.